मामांचे पॉइंटचे कायदे

उभ्या मराठवाड्यात गिऱ्हाइकाचा स्वभाव पाहून त्याला पॉइंट देणारा दुकानदार एकच झाला असेल, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. गुलमंडीजवळच्या गल्लीत त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. पलीकडच्या रस्त्यावर एक चकाचक मोठं दुकान उघडलं, तिथं खरेदीवर पॉइंट मिळू लागले आणि मामांची गिऱ्हाइकं हळूहळू तिकडं वळली. तेव्हा बेंगळुरूच्या त्यांच्या मुलानं तसलंच एक सॉफ्टवेअर विकत घेऊन दिलं आणि ते चालू करून द्यायचं काम माझ्यावर टाकलं. मी विमा कचेरीतला साधा कारकून. पण माझ्या सासुरवाडीत दोन्ही हातांनी टाइप करणारा माणूस इंजिनिअरच समजला जातो.

शंभर रुपयांना एक पॉइंट, असा सरळ नियम त्यात आधीच होता. मामांनी तो ऐकला आणि त्यांचं तोंड कडू झालं. त्यात कसली आलीय माणुसकी, असं त्यांचं म्हणणं. खाली ‘स्वतःचे नियम जोडा’ असं एक बटण होतं. ते मी त्यांना दाखवलं आणि माझे पुढचे कित्येक रविवार गेले. जावयाला अहोजाहो करत राबवून घेण्याची कला मामांकडून शिकावी. ‘लिहा जावईबापू,’ म्हणून ते सुरू होत. कन्नडहून, खुलताबादहून एसटीचे हिसके खात येणाऱ्याला जादा पॉइंट. बायकोला सोबत आणून तिच्या पसंतीनं घेणाऱ्याला दुप्पट. सासूसाठी चांगला डबा घेणाऱ्या सुनेला तिप्पट. घासाघीस करणाऱ्याला पॉइंट होते, आणि सांगितल्या भावाला मुकाट पैसे देणाऱ्याला नव्हते, कारण त्याला चिजेची कदर नाय. पातेल्यावर टिचकी मारून नाक मुरडणाऱ्याचे पॉइंट कापायचे होते, पण सॉफ्टवेअर कापायला तयार होईना. त्या दिवशी मामा चहासुद्धा न विचारता बसून राहिले. या सगळ्या भानगडी मशीनला कळणार कशा? शेवटी ‘खास पॉइंट’ नावाचा एक कप्पा केला, त्यात मामा हातानं पॉइंट भरत आणि बाजूला कारण लिहीत. ‘हसतमुख आहे’ हे कारण मी स्वतः वाचलेलं आहे.

अडचण आली ती मोबाइल नंबरची. नंबराशिवाय खातं उघडत नव्हतं, आणि मामांच्या खेड्यापाड्यांतल्या बऱ्याच गिऱ्हाइकांकडं मोबाइलच नव्हता. मामांनी त्या सगळ्यांना स्वतःच्या नंबरावर चढवलं. त्यांत कन्नडकडची शेरडं राखणारी एक आजी होती. नातीच्या लग्नात पितळी हंडा द्यायचा म्हणून ती पॉइंट साठवत होती. यायची, एखादी पळी नाहीतर झारा घ्यायची आणि तासभर बसून शेरडांच्या गोष्टी सांगायची. गोष्टींचेही पॉइंट मामा तिला देत.

एक दिवस कंपनीचा मेल आला. एकच गिऱ्हाईक रोज इतक्या वेळा खरेदी कसं करतं, म्हणून त्यांनी मामांचं खातं गोठवलं होतं. मी मेल वाचून दाखवला. मामांनी विचारलं, ‘चोर म्हणले का मला?’

‘नाही हो मामा. व्यवहार संशयास्पद वाटतोय, असं म्हणालेत.’

‘म्हणजे इज्जतीत चोर म्हणले.’

त्या दुपारी ते जेवले नाहीत. मी कंपनीला फोन लावला. पलीकडं एक मुलगी होती. मामांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि आपल्या नंबरामागं लपलेलं एकेक माणूस तिला सांगायला बसले: कोण, कुठलं, कशापायी पॉइंट दिले. सुरुवातीला ती थोडक्यात सांगा म्हणत होती. मग तिनंच विचारलं की आजीची ती आजारी शेळी वाचली का. ‘व्हय, वाचली,’ मामा म्हणाले, ‘दोन करडं झाली तिला.’ पोरीनं वरच्या साहेबाला विचारून पाहिलं, पण एका नंबराला एकच गिऱ्हाईक, हा नियम काही हलेना. पॉइंट गेले ते गेलेच.

लग्नाच्या आधी आजी मुलाला घेऊन हंडा न्यायला आली. मी तिथंच होतो. मामांनी हंडा चिंच लावून लखलखीत घासून ठेवला होता, त्यावर नातीचं नाव घातलं होतं. पॉइंट पुरले का, असं आजीनं भीतभीत विचारलं.

‘पुरले? उरले की,’ मामा म्हणाले, आणि उरलेल्या पॉइंटांची म्हणून एक वाटी त्यांनी हंड्यात टाकली. अशा किती जणांचे पॉइंट त्यांनी पदरचे भरले, ते मला माहीत नाही. मामींना माहीत असावं. मशीनला जमत नसली तरी आमच्या घराला वजाबाकी बरोबर जमते, एवढंच त्या म्हणाल्या आणि हसल्या.

आता मामांचे गुडघे गेले. दुकान भाड्यानं दिलंय. तिथं मोबाइलची कव्हरं विकतात. मामा-मामी बायपासकडच्या फ्लॅटमध्ये राहतात, आणि मामा दिवसभर गॅलरीत खुर्ची टाकून खालचा रस्ता बघतात. परवा मी गेलो होतो. चहा झाला, इकडचं तिकडचं बोलणं झालं, मी निघायला उठलो, चपला घातल्या. मामा रस्त्याकडंच बघत होते.

‘इथून लई माणसं जातात, जावईबापू,’ ते म्हणाले. ‘पण बसत कुणी नाय.’

मी चपला काढल्या आणि पुन्हा बसलो.