कोळशावरचं वांगं

मुलांनो, आपल्या बेळगावात जपानी इझाकाया निघाला आहे. थोडे प्यायचे, थोडे खायचे, असे साधे ठिकाण. बसायला सहा स्टुले, समोर कोळशाची शेगडी आणि तिच्यामागे जपानहून परतलेला खानापूरकडचा आचारी. भाजलेले वांगे तो उघड्या बोटांनी सोलत होता. साल एका ओढीत निघे. साठ वर्षे भरीत करणारी मी नुसती बघत राहिले.

माझ्या शेजारी टोपीवाले एक म्हातारे येऊन बसले. आचारी हळूच मला म्हणाला, "आमचे आप्पा हैत, आजी. हितं दारू देतो म्हणून वरीसभर पायरी चढले न्हवते."

वांग्यावर फक्त किसलेले आले ठेवून त्याने बशी त्यांच्यापुढे सरकवली आणि पाठ फिरवली. स्वच्छ फळी तो पुन्हा पुन्हा पुसू लागला.

"मसाला न्हाय, तेल न्हाय," आप्पा पुटपुटले. मग एक घास घेऊन बराच वेळ चघळत राहिले.

"वांगं वांग्यावानी लागतंय रं."

फळीवरचा हात थांबला.

बशी रिकामी झाल्यावर आप्पा म्हणाले, "ही बाजारची दिसत्यात. उद्यापास्नं आपल्या रानातली आणतो."