पक्षी बघायला गेले आणि क्वार्टरबॅक बघून आले

नांदूरमध्यमेश्वरला लांबून लांबून पक्षी येतात, हे माझी मावसबहीण सुमन मला कित्येक वर्षं फोनवर ऐकवत होती. दर थंडीत तेच. "अगं, परदेशातून पाखरं येतात, आणि तुला कोल्हापुरातून यायला होत नाही!" शेवटी या नोव्हेंबरात मी चिडून बॅग भरली. नवरा म्हणाला, "तू जा, मी घर सांभाळतो." म्हणजे दिवसभर टीव्ही बघणार. मी म्हटलं, बघ बाबा, आणि नाशिकच्या बसमध्ये बसले.

नाशिकला उतरले तेव्हा चांगलीच थंडी होती. कोल्हापूरची थंडी शाल बघून परत जाते. ही शालीतून आत येते. सुमन राहते सातपूरला, कारखान्यांच्या शेजारी. सकाळची पाळी भरायच्या वेळी तिच्या दारावरून मोटारसायकलींची अशी रांग जाते, की समोरच्या दुकानातून दुधाची पिशवी आणायची तरी पाळी सुटेपर्यंत थांबावं की काय असं वाटतं. तिचे यजमान, आमचे दाजी, लेथ मशीनवर आयुष्य काढून आता निवृत्त झालेत आणि घरातल्या प्रत्येक दरवाजाची बिजागरी तपासत फिरतात.

"रविवारी सकाळी निघू," दाजी म्हणाले. "वाटेत सायखेड्याला मिसळ खाऊ, सामना बघू, मग पक्षी."

"कसला सामना?"

"अमेरिकेतल्या कॉलेजचा फुटबॉल."

मला वाटलं, मेव्हणीची थट्टा चाललीय. पण सुमननं मान खाली घातली आणि म्हणाली, "दर रविवारी जातात गं. काही बोलू नकोस."

चांदोरी सोडलं की गोदावरीचा पूल लागतो आणि पुलापलीकडे सायखेडा. पाण्यावर धुकं होतं, दोन्ही अंगांना द्राक्षबागा होत्या, आणि कुठूनतरी कांद्याचा उग्र वास येत होता. मी खिडकीतून मान बाहेर काढून एक तरी बगळा दिसतो का बघत होते. दिसला तो फ्लेक्स. अंगापेक्षा मोठे खांदे, डोक्यावर लोखंडी जाळीचं शिरस्त्राण, हातात नारळाएवढा चेंडू, आणि खाली अक्षरं: "सायखेड्याचा वाघ, क्वार्टरबॅक तेजस." त्याच्या भोवती गावातल्या पुढाऱ्यांचे गोल गोल फोटो. सगळ्या फ्लेक्सवर एकट्या वाघाचाच चेहरा दिसत नव्हता.

द्राक्षबागेच्या कडेला पत्र्याची शेड, मागे धगधगणाऱ्या चुली, पुढे प्लास्टिकच्या खुर्च्या आणि भिंतीवर भलामोठा टीव्ही. हे दौलतनानांचं मिसळीचं हॉटेल. दौलतनाना म्हणजे त्या तेजसचे सख्खे काका. पोरगा प्राथमिक शाळेपर्यंत इथंच वाढला, मग आईबापांबरोबर अमेरिकेला गेला, आणि आता तिकडच्या कॉलेजच्या संघात क्वार्टरबॅक आहे. (क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातात आधी चेंडू येतो आणि मागोमाग ज्याच्या अंगावर सगळे येतात तो.) तिकडची शनिवारची रात्र म्हणजे आपली रविवारची सकाळ, त्यामुळे सामना आणि मिसळ एकाच वेळी तयार होतात.

"ह्या आमच्या मेव्हणीबाई," दाजींनी ओळख करून दिली. "कोल्हापूरच्या."

नाना हातातला झारा घेऊन पुढेच आले. "कोल्हापूर? आरं, मग ताईंना फुटबॉल कळत आसंल की!"

आता सांगायला हवं होतं, की आमचा फुटबॉल पायानं खेळतात आणि हा पायाशिवाय सगळ्यानं खेळतात. पण शेडभर माणसं माझ्याकडे वळून बघत होती, आणि गावाची अब्रू म्हणून काही असतं की नाही? मी म्हटलं, "आमच्याकडं पेठेपेठेत संघ आहेत." ते खरंच होतं. लगेच मला टीव्हीसमोरची पहिली खुर्ची मिळाली. सुमन कानात म्हणाली, "तू मेलीस आता."

मिसळ आली. पापड, दही, शेजारी जिलेबी! मिसळीशेजारी जिलेबी बघून कोल्हापूरच्या माणसाला काय वाटतं, ते इथं लिहीत नाही. रस्सा मात्र झणझणीत होता. मान्य करायला जिवावर येतंय, पण दोनदा मागून घेतला.

इतक्यात सटाण्याची जीप आली. सटाणा हे तेजसचं आजोळ. तिथून त्याचे पंडितमामा, कांद्याचे व्यापारी, आणि त्यांच्या पत्नी सिंधूमामी दर रविवारी अंधारातच निघून सामन्याला येतात. नानांनी उठून रामराम केला, बसायला खुर्च्या दिल्या, मिसळ मागवली, आणि पाहुणचार आटोपताच भांडण सुरू केलं.

तेजसचे मागचे तीन सामने वाईट गेले होते. चेंडू फेकावा आपल्या माणसाकडे, तर जाई दुसऱ्याच्या हातात. ते का, हा वादाचा विषय होता.

"हात आमचा हाय," नाना म्हणाले. "लहानपणी बागेतल्या पाखरांवर गोफण फिरवायचा, तवाच तयार झालेला हात. डोकं तेवढं सटाण्याचं."

"डोकं आमनं शे म्हनीसन तर कॉलेजमा गया!" मामा कडाडले. (डोकं आमचं आहे म्हणून तर कॉलेजात गेला!) सटाण्याकडं, बागलाणात, अशी अहिराणी बोलतात, भांडणाला फार गोड भाषा.

मग शेड दोन भागांत फुटली. कोणी म्हणे, पोराला तिकडं बाजरीची भाकरी मिळत नाही. कोणी म्हणे, मैदान पूर्व-पश्चिम आहे, तोच दोष. दाजींनी मत दिलं की खेळ सोडला तर काळजी नको, सातपूरला कुठंही चिकटवू. मामा म्हणाले, सटाण्याला कांदे साठवायची चाळ आहे, भाच्याला तीच सांभाळू दे. एकानं मला विचारलं, "ताई, कोल्हापूरवाले काय म्हणतात?"

मी म्हटलं, "पोराचं लक्ष लागत नाही असं दिसतंय." सगळ्यांनी माना डोलावल्या. कुठल्याही पोराबद्दल हे खरंच असतं.

पण नाना माझ्या शेजारी येऊन बसले तेव्हा त्यांचा आवाज उतरला होता. "ताई, आजचा सामना गेला तर मास्तर त्याला बाकावर बसवणार. (मास्तर म्हणजे कोच.) एकदा बसला की पुढच्या वर्षी जागा नाय. परवा फोनवर म्हणाला, नाना, जागा गेली तर मी खेळच सोडतो. लय जीव हाय हो त्याचा खेळावर. एवढा आजचा सामना तरून जाऊ दे म्हणावं देवाला." झाऱ्यातून तेल त्यांच्या चपलेवर ठिबकत होतं. त्यांना पत्ताच नव्हता.

सामना सुरू झाला. अजब खेळ. पळापळ होते न होते तोच थांबतो. मग माणसं गोल करून कुजबुजतात, लग्नाच्या बैठकीत देण्याघेण्याचं बोलावं तशी. पुन्हा रांगा, पुन्हा धडक, आणि सगळ्या ढिगाऱ्याच्या तळाशी आमचा तेजस. दर वेळी शेडमध्ये गलका उठायचा: चेंडू कुठंय? कुणी धरला? आणि दर वेळी सिंधूमामी साडीवरच्या स्वेटरचं टोक मुठीत धरून एवढंच विचारायच्या, "पोऱ्या उठना का?" (पोरगा उठला का?) त्यांना कोणी उत्तर देत नव्हतं. त्यांच्या पुढ्यातली मिसळ तशीच गार झाली होती, पावाला हात लागलेला नव्हता.

शेवट जवळ आला तेव्हा आपलं कॉलेज थोडक्यात मागे होतं. एक चांगली फेक, की सामना आपला. तेवढ्यात तेजसनं साधा हातातला चेंडू जमिनीवर सोडला.

"दृष्ट लागली," नाना कपाळावर हात मारून म्हणाले. "फ्लेक्स लावला तवापासून लागलीय. सटाण्याच्या मोटारी रोज ह्याच रस्त्यानं जातात."

"आमनी दृष्ट?" मामा उभेच राहिले. "काढा मग! आत्ते काढा! ठसका लागना तर दृष्ट नही, मग कबूल करा का हात खराब शे!" (ठसका लागला तर दृष्ट नाही, मग कबूल करा की हात खराब आहे!)

दृष्टीचं शास्त्र वाचकांना माहीतच आहे. मीठ, मोहरी, मिरच्या ओवाळून विस्तवात टाकायच्या. ठसका नाही लागला तर दृष्ट होती, लागला तर नव्हती. मामींनी हात जोडून सांगितलं, "अहो, पोऱ्याच्या अंगावरून काढतात, टीव्हीवरून नाही." पण दोन्ही घरच्या पुरुषांचं प्रथमच एकमत झालं होतं. चुलीतले निखारे घमेल्यात आले. मामांनी मिसळीच्या मसाल्यासाठी ठेवलेल्या मिरच्या ओंजळभरून उचलल्या, टीव्हीवरून ओवाळल्या आणि घमेल्यात ओतल्या.

पुढं काय झालं, ते वर्णन करण्यासारखं नाही. पत्र्याच्या शेडमध्ये ओंजळभर मिरच्यांचा धूर! नाना खोकत बागेत पळाले, मामा जीपच्या दिशेनं, दाजी चुकून स्वयंपाकघरात. कोणी दह्यात तोंड घातलं. आणि नेमका त्याच वेळी शेवटचा डाव सुरू झाला.

आम्ही कोल्हापूरच्या बायका दर उन्हाळ्यात चटणी कुटतो. मिरच्या भाजायचा धूर आमच्या पाचवीला पुजलेला. मी पदर नाकाला लावला आणि बघत राहिले. शेजारी मामी डोळे गच्च मिटून, खोकत, जागेवरच बसून होत्या. पडद्यावर तेजसनं हात मागं घेतला, चेंडू फेकला, आणि त्याच क्षणी चार दांडगी माणसं त्याच्यावर येऊन आदळली. कॅमेरा चेंडूमागं वर गेला असेल, पण कोपऱ्यात पोरगा अजून दिसत होता, आणि माझी नजर तिथून हलेना. पडलाय. हलत नाही. एक गुडघा हलला. आणि मग कोणाच्या तरी पायात वायर अडकून टीव्ही बंद पडला.

सगळे डोळे पुसत आत धावले. "ताई! ताईंनी बघितलं! बॉल कुठं गेला?"

मी म्हटलं, "बॉलचं मला माहीत नाही. पोरगं उठत होतं."

असा काही संताप झाला माझ्यावर! "पहिली खुर्ची दिली हो तुम्हाला!" "कोल्हापूरच्या म्हणे!" दाजींनी तर ओळखच दाखवली नाही. फक्त मामींनी माझा हात घट्ट धरला आणि सोडेचनात.

टीव्ही लागला तेव्हा समोरच्या संघाच्या रंगाचे कपडे घातलेले लोक नाचत होते. थोड्या वेळानं नानांचा फोन वाजला. फोनच्या पडद्यावर तेजस, घामेजलेला, विशीतला साधा पोरगा. शिरस्त्राण काढल्यावर अगदी लपाछपीत फडताळामागून शोधून काढलेल्या लेकरासारखा दिसत होता.

"नाना, बघितलं का?"

"बघितलं की!" सगळे एका सुरात. "शेवटचा लय भारी फेकला! एक नंबर!"

"नाना," तो म्हणाला, "बॉल पोचलाच नाही."

नाना झाऱ्याकडे बघत राहिले. मामींनी त्यांच्या हातून फोन काढून घेतला. "तुले लागनं का रे, बाळा?" (तुला लागलं का?)

"नाही मामी." मग बारीक आवाजात, "उजवा खांदा. लय दिवस झाले. हात वरच जात नाय."

"मंग सांगं का नही?" (मग सांगितलं का नाहीस?)

"नानांनी फ्लेक्स लावलाय ना."

दौलतनाना रडायला लागले. धूर कधीच निघून गेला होता. फोन हिसकावून ते ओरडले, "फ्लेक्स गेला चुलीत! आत्ताच्या आत्ता मास्तरला सांग खांदा दुखतोय म्हणून. बसवलं तर बस! जागा जाऊ दे, वर्ष जाऊ दे. तू बाकावर बसला तरी आम्ही येऊन बसू हितं, काय समजला?"

"बाकावरचं टीव्हीवर दाखवत नाहीत, नाना."

"दाखवतील तेवढं बघू!"

मग मामा हळूच म्हणाले, "खांदा काय आमनाकडना नही." (खांदा काही आमच्याकडचा नाही.) आणि नानांनी डोळे पुसत उत्तर द्यायला तोंड उघडलं.

आम्ही नांदूरमध्यमेश्वरला पोचलो तेव्हा दुपारचं ऊन टळटळीत होतं आणि पक्षी पार पलीकडच्या काठाला, ठिपक्यांएवढे. दुर्बीण सुमन घरी विसरली होती. मी म्हटलं, राहू दे, आज बघायचं ते बघून झालं.

परतीच्या बसमध्ये विचार करत होते, की घरी काय सांगायचं? नाशिकला गेले आणि धड देव केला नाही, पक्षी बघितले नाहीत, खेळ कळला नाही. एवढी माणसं त्या पोराचं भविष्य ठरवत होती, मीही त्यात तोंड घातलं. त्याला काय होतंय हे विचारायचं एकट्या मामींना सुचलं. मला फार वाईट वाटलं आणि मामींचा फार हेवा वाटला.

पुढच्या रविवारी सकाळी मी नवऱ्यासाठी मिसळ करत होते. जिलेबीशिवाय. नानांचा फोन आला; मागे नेहमीचा गलका.

"ताई, दिसला!"

"खेळला?"

"खेळतोय कुठं! बाकावर बसलाय, खांद्याला पट्टा. दोनदा दाखवला. एकदा तर पाणी पिताना!"

मागून पंडितमामांचा आवाज आला, "पानी आमनागत पेस!" (पाणी आमच्यासारखं पितो!) त्यावर शेडमध्ये पुन्हा दोन तट पडले.

"आणि मामी?" मी विचारलं.

"मामी व्हय?" नाना म्हणाले. "थांबा, बोलायला मोकळ्या नाय त्या. दुसरा पाव चाललाय."