अर्जनदासांच्या ओळीला उत्तर

बदलापूर गावातून उल्हासनगर असं कितीसं लांब? तरी कापडखरेदीपलीकडे मी तिथे कधी गेले नव्हते. या रविवारी निघाले ती भगत पाहायला. (भगत म्हणजे सिंधी लोकांचा गाणं, नाच आणि गोष्ट यांचा खेळ, गाणाऱ्यालाही भगतच म्हणतात.)

इथे पत्ता कॅम्पच्या (फाळणीनंतर वसलेल्या निर्वासितांच्या वस्तीच्या) आकड्याने सांगतात. मी रिक्षावाल्याला तीनऐवजी चार सांगितलं आणि भलत्याच बाजारात उतरले. चालून चालून भूक लागली, तेव्हा टपरीवर दाल पकवान (कुरकुरीत पुरी आणि घट्ट डाळ) खाल्लं. झकास होतं.

टिकाण्याच्या (सिंधी मंदिराच्या) अंगणात दादा अर्जनदास पायघोळ झगा घालून बसले होते. घुंगरू समोर तसेच पडलेले. भगताच्या ओळीला मागून उत्तर देणारा जोडीदार लागतो. त्यांचा जोडीदार धर्मू जन्मभर मागे उभा राहिला आणि या हिवाळ्यात गेला. उत्तर देणारं कुणी नसेल तर दादा घुंगरू बांधत नाहीत. गल्लीतल्या पोरांना सिंधी कळते, पण गाता येत नाही. आज घुंगरू पेटीत गेले की इथली भगत संपली, हे सगळ्यांनाच कळत होतं.

"दादा, तुम्ही चालू करा. मी बोलतो ना पाठून," ढोलकवाला सुभाष म्हणाला. तो अंबरनाथचा, एरवी भीमगीतं गातो.

"तुला मतलब कुठे समजतो रे?"

"मतलब नाय समजत. पण धर्मूचाचांच्या बाजूला इतकी वर्षं बसलोय, ओळ पाठ झालीय."

दादांनी घुंगरू बांधले. पहिली ओळ आली. सुभाषने उत्तर दिलं ते थेट जयंतीच्या मिरवणुकीतल्या चढ्या सुरात. पुढे बसलेल्या बायका दचकल्या. दादा थांबले.

मग दादांनी तीच ओळ पुन्हा घेतली, सुभाषच्या सुराच्या जवळ जात. म्हाताऱ्या गळ्याला झेपत नव्हतं, तरी घेतली. आता सुभाषही खाली उतरला. मध्ये कुठेतरी दोघं भेटले. मला रडू आलं, आणि त्याची लाज वाटली नाही.

शेवटी पल्लव झाला. ओढणी, रुमाल, जे असेल ते पसरून देवाकडे मागायचं. दादांनी आधी धर्मूसाठी मागितलं, मग सुभाषच्या गळ्यासाठी. शेजारच्या बाईंनी मला ढोसलं, "बेटी, तुम भी मांगो." मी पदर पसरला.

संध्याकाळी घरी पोचले आणि दारातच आईला सगळं सांगितलं. ती टाळ घेऊन देवळात भजनाला निघाली होती. तिथे आता तिघीच उरल्यात.

"मग तू काय मागितलंस?"

"दादांच्या मागे उभं राहायला माणूस असू दे."

आईने माझ्याकडे पाहिलं. "चांगलं मागितलंस. आमच्याही मागे कुणी नाही गं."

मी अजून चपला काढल्या नव्हत्या. तशीच तिच्यामागून निघाले.