दुसऱ्या थरातली पंचशीला

रविकांतच्या घरावर स्लॅब नव्हता, पत्रा होता. लातुरात क्लासेसच्या भागात शेजाऱ्यांनी मजल्यावर मजले चढवून पोरांना खोल्या भाड्यानं दिल्या, पण हा गडी पत्र्याखालीच. कुणी टोकलं की म्हणायचा, "पत्रा पडला तर टेंगूळ येतंय, दगड पडला तर माणूस जातंय." किल्लारीला माहेरी गेलेली त्याची बायको पंचशीला भूकंपात दगडामातीच्या भिंतीखाली गेली होती. तान्ही समीक्षा तिच्या कुशीत जिवंत सापडली. रविकांत त्या रात्री लातुरात गणपती विसर्जनाचं व्हिडिओ शूटिंग करून राहिला होता.

पंचशीला उरली ती एका कॅसेटमध्ये. समीक्षाच्या बारशाचं शूटिंग त्यानंच केलं होतं. पाहुणे, बुद्धवंदना, पंगत, आणि अगदी शेवटी पंचशीला पाळण्यापाशी बसून स्वतः जुळवलेला पाळणा म्हणते. बस्स, तेवढंच.

पुढं लातूर क्लासेसनी फुगलं. विरूपाक्ष सरांची फिजिक्सची लेक्चरं रविकांत आपल्या दुकानात डीव्हीडीवर उतरवून द्यायचा. सरांची सदा एकच भुणभुण, "एका डिस्कमध्ये अजून बसवा की हो." मग दोन थरांच्या डिस्का आल्या. पहिला थर अर्धवट आरपार, लेसरचा किरण त्याच्यातून जाऊन मागचा थर वाचतो. जवळजवळ दुप्पट माल मावतो. रविकांत हरखला. लेक्चरांसाठी नव्हे हो! कॅसेटला बुरशी धरली होती, आणि साध्या डिस्कमध्ये दाबून भरली की पंचशीलाचा चेहरा पुसट व्हायचा. आता सगळी कॅसेट न दाबता मावली. बारसं पहिल्या थरात, पाळणा दुसऱ्यात. उतरवून झाल्यावर फीत तुटली, त्याचं त्याला काही वाटलं नाही. कॉम्प्युटरवरची प्रतही सरांच्या लेक्चरांना जागा हवी म्हणून पुसली. गिऱ्हाइकांना "दोन कॉप्या ठेवा" म्हणून बजावणारा माणूस! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

डिस्क पिशवीत घालून त्यानं दाराजवळ आढ्याला टांगली, अगदी पत्र्याला लागून. भूकंपातून उरलेल्यांची ही खोडच. जिवाभावाचं ते दारापाशी ठेवायचं, जमीन हलली की उचलून पळायचं.

समीक्षा मागं लागायची, "पप्पा, आईला दाखवा ना." हा म्हणायचा, "दहावी होऊ दे." मग म्हणायचा, "बारावी होऊ दे, सीईटी होऊ दे. रडत बसशील, अभ्यास बुडंल." त्याला एकट्याला कशाला नावं ठेवा? त्या गल्लीत आजा वारला तरी परीक्षेच्या पोराला कळवत नसत. आधी पोरगी डॉक्टरकीला लागू दे, मग आईला भेटवू, एवढंच त्यानं मनाशी धरलं होतं.

सीईटी झाली त्या दुपारी त्यानं पिशवी काढली. पत्रा नुसता भाजत होता. समीक्षा केस विंचरून टीव्हीसमोर बसली, घरी कुणी येणार असल्यासारखी.

पाहुणे आले, वंदना झाली, पंगत उठली. मग पदर सावरत एक बाई पाळण्यापाशी टेकली.

"हीच?"

"हाव, हीच."

पंचशीलानं दोरी धरली, तोंड उघडलं, आणि चित्र थिजलं.

रविकांतनं डिस्क पुसली, परत लावली. दुकानातलं मशीन आणून त्यात लावली. दर वेळी चित्र तिथंच थिजलं. पहिला थर धडधाकट, दुसऱ्याचा पत्ताच नाही. किती उन्हाळे तो पत्रा त्या पिशवीवर तापला होता! दगडाला भिऊन त्यानं तिला पत्र्याखाली ठेवलं आणि पत्र्यानंच तिला खाल्लं. काय म्हणावं असल्या नशिबाला!

"पप्पा, ती काय म्हणायची? तुम्ही तरी म्हणून दाखवा."

रविकांतनं घसा खाकरला. चाल ओठांवर आली, पण शब्द येईनात. डिस्कमध्ये हाय की, म्हणून त्यानं ते कधी आठवलेच नव्हते. "तुझं नाव होतं त्याच्यात," एवढंच तो म्हणाला आणि ढसाढसा रडायला लागला.

समीक्षा रडली नाही. "मी नापास झाले असते तरी चाललं असतं, पप्पा," ती म्हणाली.

टीव्हीवर पंचशीला तशीच तोंड उघडून बसली होती. बटण बंद करायला दोघांतलं कुणीच उठलं नाही.