नडगीवरचा हात

“आत हात काहून घालता, सिस्टर? नडगी पाहा ना!” असं म्हणत मावशी कळा देणाऱ्या बाईच्या पायावर उलटा हात टेकवायच्या.

अकोल्याकडच्या आमच्या आरोग्य केंद्रात त्या मदतनीस होत्या. त्याआधी गावच्या दाई. बाळ जवळ येतं तशी पायाची थंडी घोट्यापासून गुडघ्याकडे चढते, हे त्यांचं गणित. मी अमरावतीहून नर्सिंग शिकून आलेली, आधी हसले. पण त्यांचा अंदाज चुकेल तर शपथ! कानही तसेच तयार. “सासूले शिव्या देऊन राहिली ना? मंग लय वेळ हाय. बोलणं बंद झालं का मले बोलवा.”

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. बघता बघता वाटतं, आपल्यालाही जमलं. मलाही वाटलं, कपाळ माझं!

मे महिन्यातली दुपार. पहिलटकरीण होती. मावशी लग्नाला गेलेल्या. मी नडगीला हात लावला तर गुडघ्यापर्यंत गार. “झालंच आता,” मी तिच्या आईला म्हटलं. अकोल्याला न्यायला गाडी बोलवू का, असं तिनं दोनदा विचारलं. मी दोनदा नको म्हटलं. पोरगी मात्र पाणी मागत होती, आईवर चिडत होती.

तीन तासांनी मावशी आल्या, नव्या लुगड्यातच. “अजून बोलून राहिली?” म्हणत त्यांनी आधी कूलर बंद केला. त्याचं तोंड पोरीच्या पायांकडे होतं. थोड्या वेळानं हात टेकवला. पाय गरम होते. पोट चाचपलं, तर बाळाचं डोकं वरच. मी ठोके ऐकले. मंदावले होते.

“हे थंडी कूलरची होती, पोरी,” त्या हळूच म्हणाल्या. “गाडी बोलाव.”

अकोल्यात ऑपरेशन झालं. पोरगी वाचली, बाळ गेलं.

दुसऱ्या दिवशी तिचा बाप आला. “तीन तास काहून ठेवलं?” तो ओरडला. मावशी पुढे झाल्या. “नडगी पाहाचं म्याच शिकवलं इले. चूक मायी हाय.”

चौकशीच्या कागदात ‘अशिक्षित मदतनिसाचा सल्ला’ असं आलं. कूलरचा उल्लेख नव्हता. मी सगळं वाचलं आणि खाली सही केली.

मावशींना कामावरून काढलं. निघताना त्या माझ्यापाशी थांबल्या. “सकाळपासून उपाशी हायेस. जेवून घेजो,” म्हणाल्या. मी मान वर केली नाही.