खिंडीपर्यंत बर्फ

माझी गाडी जर्मन बनावटीची, गोल पाठीची, आणि इंजिन मागे. पुढचं झाकण उघडलं की आत नुसती ट्रंक ठेवायची जागा. भोरच्या बाजारात लोक मुद्दाम ते उघडायला लावायचे आणि "डॉक्टर, इंजिन कुणी पळवलं?" म्हणून हसायचे. तिला रेडिएटर नव्हता, पाणी घालायची भानगड नव्हती. पंखा हवा मारील तेवढंच ते इंजिन थंड. सासरे वापरून कंटाळले तेव्हा ती माझ्या गळ्यात पडली. मी गुरांचा डॉक्टर. संस्थान विलीन होऊन काही वर्षं झाली होती, सरकारी जीपही आली होती, पण ती साहेबांशिवाय हलत नसे.

त्या साली वेल्ह्याकडच्या खोऱ्यात बुळकांडी शिरली. गुरांचा हा रोग ज्यांनी पाहिला नाही ते सुखी. बघता बघता गोठेच्या गोठे रिकामे व्हायचे. लस होती, पण ती पुण्याहून थर्मासात, बर्फात यायची. बर्फ वितळला की लस वाया. खिंडीच्या वरच्या धनगरवाड्यातल्या म्हशी अजून धडधाकट होत्या आणि त्या तशाच राहाव्यात म्हणून बर्फ वर पोचायला हवा होता. पायी गेलो असतो, तर बर्फाचं वाटेतच पाणी झालं असतं.

पहिल्या खेपेला निम्मा चढही झाला नव्हता तोच तेलाचा लाल दिवा लागला. इंजिन फार तापलं की तेल पातळ होतं, त्याचा दाब घसरतो आणि हा दिवा पेटतो. तशीच दामटली तर इंजिन जाम. थांबलो, निवू दिली, निघालो, की पुन्हा दिवा. वाड्यावर पोचलो तेव्हा थर्मासात कोमट पाणी होतं. सगळ्यांच्या देखत लस खड्ड्यात ओतली. म्हशी सकाळपासून रानात न सोडता बांधून ठेवलेल्या, भुकेनं ओरडत होत्या. वाड्यातली एक म्हातारी, जिच्या शब्दाबाहेर तिथं कुणी जात नसे, माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आमी जनावरं दिसभर उपाशी ठिवली, डाक्तर. आता न्हाई बांदनार. बरफ माज्या हातावर ठिवा, मंग हाक मारून रानातनं जनावरं आनीन."

मला संताप आला. तिचा नव्हे, त्या दिव्याचा. उतरतानाच ठरवलं, ही गाडी या चढावर न थांबता चढलीच पाहिजे.

पुण्याच्या जुन्या बाजारात लढाईतल्या विमानांचं सामान मोडीत मिळायचं. तिथून तेल थंड करायचा एक कूलर उचलला, पितळी, बारीक जाळीचा, पाटीएवढा. सारोळ्याला पुलाजवळ लॉऱ्या दुरुस्त करणारा एक मिस्त्री होता. इंजिनातल्या तेलपंपापासून तेल बाहेर काढायचं, कूलरमधून फिरवायचं, परत इंजिनात सोडायचं, असा बेत मी त्याला सांगितला.

"व्हईल की," तो म्हणाला. "कुठं बसवायचा?"

"पुढं. वारा पुढूनच येतो."

त्यालाही ते पटलं. पुढच्या बंपरखाली कूलर टांगला, गाडीच्या पोटाखालून नळ्या मागेपर्यंत नेल्या. सपाटीवर गाडी झकास चालली. मी रिकामाच चढावर गेलो आणि दिवा लागला. जागासुद्धा जवळपास तीच!

पंखा फिरत राहावा म्हणून इंजिन चालूच ठेवलं आणि खाली उतरून मागच्या चाकाला लाथ घातली. पाय दुखला, दुसरं काही झालं नाही. तेवढ्यात मागच्या काचेखाली हवेसाठी ज्या फटी असतात, त्यांच्यावर एक वाळकं पान येऊन चिकटलं. मी ते काढून सोडलं, तर परत जाऊन चिकटलं. इंजिन बंद केलं तेव्हा गळून पडलं.

मी रस्त्यातच बसकण मारली. पहिल्या गियरमध्ये गाडी माणसाच्या चालीनं चढते, तेव्हा पुढून वारा येणार कुठून? पण इंजिन जोरात फिरत असतं, आणि त्याच्याबरोबर या फटींतून हवा आत खेचणारा पंखाही. हवा हवी तर ती इथं होती, या फटींपाशी.

मिस्त्रीनं कपाळाला हात लावला, पण सगळं पुन्हा सोडलं. कूलर मागच्या झाकणाच्या आत, फटींना लागून बसवला. नळ्या आता हातभरच लागल्या. एक सांधा पाझरत होता, तो पाझरायचा थांबेपर्यंत मी मिस्त्रीला जेवायला उठू दिलं नाही.

"लस गार हवी, इंजिन गार हवं," घरी बायको म्हणाली, "तुमचं डोकं तेवढं तापलेलं चालतं."

खालच्या गावात दोन बैल गेल्याची बातमी आली, त्याच दिवशी लसही आली. बायको थर्मास मांडीवर घेऊन शेजारी बसली. चढ सुरू झाला तसे माझे डोळे सारखे दिव्याकडे जायला लागले.

"तुम्ही रस्ता बघा," ती म्हणाली. "दिवा मी बघते."

मग तिची नजर दिव्यावर आणि माझी रस्त्यावर. पहिलं वळण, निम्मा चढ, मागच्या खेपेला थांबलो तो दगड, सगळं मागं पडलं. मला भीती वाटत होती, हे कबूल. खिंडीत सपाटी लागली तेव्हा तिनं श्वास सोडला.

"नाही लागला."

वाड्यावर एकही म्हैस नव्हती. म्हातारी एकटीच दारात बसली होती. मी थर्मास उघडला आणि बर्फाचा खडा तिच्या हातावर ठेवला. तिनं मूठ मिटली. बोटांतून पाणी गळायला लागलं तरी सोडीना.

"गार हाय," ती म्हणाली.

मग उठली, रानाकडे तोंड करून तिनं लांब हाक मारली. बराच वेळ काही नाही. नंतर खाली झाडीत एक घंटा वाजली, मग दुसरी, आणि म्हशी एकामागून एक वर यायला लागल्या.

शेवटची टोचून झाली तेव्हाही थर्मासात बर्फ खुळखुळत होता. त्या साली बुळकांडी खिंडीपर्यंत आली आणि तिथंच थांबली.