पोळपाटावर उघडलेला कॅमेरा

तो कॅमेरा मी मेहकरच्या एका फोटोग्राफरकडून घेतला. लग्नाच्या कामासाठी त्याने नवा आणला होता आणि हा छोटा डिजिटल काढून टाकत होता. मला शाळेसाठी हवा होता. जानेफळच्या पलीकडे आमच्या गावात मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते, आणि खिचडीपासून झाडं लावण्यापर्यंत प्रत्येक गोष्टीचे फोटो जोडा, असं तेव्हा वरून यायला लागलं होतं. मोबाइल होते, पण ते बोलण्यापुरतेच.

दुकानात त्याने माझा फोटो काढून दाखवला. छान आला. घरी येऊन बटण दाबलं, तर लेन्स अर्धी बाहेर आली, कर्रकर्र वाजली, पडद्यावर लेन्स बिघडल्याची इंग्रजी ओळ उमटली आणि कॅमेरा बंद पडला.

परत नेला. त्याने हलक्या हाताने तो काउंटरवर ठोकला आणि लेन्स मुकाट्याने बाहेर आली.

"पाहा मॅडम, चालू तर हाय. तुमच्याकडे गेला का काऊन बंद पडते?"

जणू दोष आमच्या घराचाच होता. घरी आणला, परत बंद. पुढच्या खेपेला गेले तर दुकानाला कुलूप. शेजारच्या पानवाल्याने सांगितलं की तो बाहेरगावी गेलाय, दिवाळीनंतरच भेटेल.

कॅमेरा मी कपाटात टाकला. तो तिथेच राहिला असता, पण त्या वर्षी पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, लाल्या आला.

गावात तोवर झाडून सगळे बीटी कपाशी लावत होते. बोंडअळी लागत नाही म्हणून फवारण्या कमी झाल्या होत्या आणि माझे सासरे, मामाजी, त्या बियाण्यावर खूश होते. अळी आलीच नाही. पण भादव्यात पाऊस तुटला, आणि दसऱ्याच्या आसपास बोंडांनी लदलेल्या झाडांची पानं कडेने लाल व्हायला लागली. आठवड्याभरात अख्खं वावर लाल झालं. मग पानं गळायला लागली आणि बोंडं भरण्याआधीच वाळू लागली. गावातल्या लोकांनी तालुक्याच्या कृषी कार्यालयात नुकसानभरपाईचे अर्ज दिले. तिथल्या साहेबांनी सांगितलं, पाहणीला पथक येईल, पण कधी येईल ते सांगता येत नाही.

मामाजी संध्याकाळी दारात उभे राहिले. "पथक येईपर्यंत पानं कुठं राह्यतात? नुसत्या काड्या दिसतीन. ते यंत्र हाय ना तुह्यापाशी? काढ फोटो."

"मामाजी, ते बिघडलेलं आहे."

"मंग दुरुस्त कर. शिकलेली हायेस ना तू?"

मी डीएड झाले होते. पण मामाजींच्या हिशोबी शिकलेला माणूस म्हणजे शिकलेला माणूस, त्याला पंप, टीव्ही, सातबारा सगळं आलं पाहिजे. नवरा अकोल्याला नोकरीला होता, शनिवारी यायचा. फोनवर त्याला सांगितलं तर तो नुसता हसला.

रविवारी सकाळी स्वयंपाक आवरला, पोळपाट उलटा घातला, त्यावर पांढरा कागद अंथरला आणि बसले. बारीक पेचकस मेहकरच्या एका घड्याळवाल्या चाचांकडून आणला होता. म्हातारे गृहस्थ, माझं घड्याळ तेच दुरुस्त करायचे. पेचकस देताना म्हणाले होते, "बेटी, जो पेच जिथून निघंन, तिथंच गेला पायजे. कागदावर मांडत जाय."

मी मांडत गेले. पेच तिळाएवढे होते आणि प्रत्येकाची लांबी वेगळी. पाठीचं झाकण निघालं, तेव्हा मला वाटलं झालं. आत आणखी एक पत्रा होता. तो काढायला बोट घातलं आणि हाताला असा झटका बसला की पेचकस चुलीपर्यंत उडाला. बॅटरी मी आधीच काढून ठेवली होती. फ्लॅशसाठी आत वीज साठून राहते, हे मला कोण सांगणार.

मामाजी ओसरीवरून आले. "काय झालं?"

"शॉक बसला."

"बिनबॅटरीचा?" ते वाकून कॅमेऱ्यात डोकावले. "आन् तू काऊन बोट घातलं त्याच्यात?"

मी चुलीजवळचा पेचकस उचलून आणला. तोंडाशी आलेलं उत्तर सुनेने सासऱ्याला द्यावं असं नव्हतं.

पुढे लेन्सचा डबा हाताशी आला. त्याच्या मागच्या बाजूला तीन पेचांनी एक चौकोनी पट्टी बसवली होती. ती उचलली तशी नखाएवढी एक निळसर काच खाली पडली. फुटलेली नव्हती, कशाला जोडलेलीही नव्हती. मला वाटलं, आधी कोणीतरी उघडताना हे काहीतरी आत राहून गेलंय. टाचण्यांच्या डबीत ती ठेवून दिली. मग दातेरी चाकं दिसली आणि दोन दातांमध्ये अडकलेला वाळूचा एक कण. एवढ्या एका कणाने मला दोनदा मेहकर दाखवलं होतं. सुईच्या टोकाने तो काढला आणि सगळं परत बसवलं. एक पेच उरला. दोनदा उघडून पाहिलं, त्याची जागा काही सापडली नाही. पण बटण दाबलं तर लेन्स आवाज न करता बाहेर आली, आत गेली, परत बाहेर आली. मी अंगणात जाऊन ते मामाजींना चारदा करून दाखवलं.

त्याच दुपारी आम्ही वावरात गेलो. मामाजी पऱ्हाटीत उभे राहिले, लाल पान हातात धरून. शेजाऱ्यांच्या वावरांचेही काढले. उन्हात पडद्यावर नीट दिसत नव्हतं, पण लाल दिसत होतं आणि आम्हाला लालच हवं होतं.

मंगळवारी मी अर्धी रजा टाकली. मेहकरला फोटो छापून घेतले, पाकीट न उघडता तसंच घेऊन मामाजींबरोबर कार्यालयात गेले, कारण साहेब जेवायला उठले की परत सापडत नाहीत, असं सगळे सांगत होते. साहेबांनी फोटो टेबलावर मांडले आणि एकावर बोट ठेवलं.

"मॅडम, हे काय झाड आहे?"

"बांधावरचा कडुनिंब."

"यालाही लाल्या आलाय का?"

मी वाकून पाहिलं. कडुनिंब गुलाबी होता. तूर गुलाबी. गवत गुलाबी. मामाजींची काळी टोपी चक्क जांभळट तपकिरी झाली होती.

"तुमच्या वावराबद्दल मी काही म्हणत नाही," साहेब शांतपणे म्हणाले, "पण हे मी वर पाठवले तर लोक मला हसतील."

बाहेर पायरीवर मामाजी थांबले. डोक्यावरची टोपी काढली, उलटसुलट करून पाहिली आणि परत घातली. मला त्या क्षणी कॅमेरा समोरच्या नालीत टाकावासा वाटत होता. शॉक खाल्ला, रविवार घालवला, रजा घालवली आणि इतकं करून खरी लाल पऱ्हाटी मी खोटी करून आणली होती. आमचीच नाही, शेजाऱ्यांचीही.

पेचकस परत द्यायचा होता म्हणून चाचांकडे गेलो. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "उघडलं तवा काही उरलं का?"

"एक पेच उरला."

"आणखी?"

मला काच आठवली. मी सांगताच त्यांनी मान हलवली. "बेटी, कंपनी आत फालतू काच टाकत नसते. ते रंगासाठी असंन. घिऊन ये."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी कॅमेरा, उरलेला पेच आणि टाचण्यांची डबी घेऊन गेले. मला वाटलं होतं चाचा बसवून देतील. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, चिमटा उचलला, आणि त्यांचा हात थरथरायला लागला. त्यांनी चिमटा खाली ठेवला.

"घड्याळाचं आता पोरगाच करते. मी फक्त पट्टे बदलतो," ते म्हणाले. मग स्टुलावरून उठले आणि मला तिथे बसवलं. "मी सांगतो, तू कर. पयले ते फ्लॅशचं पाह्य, त्याच्यातली वीज काढू."

त्या दिवशी मला कळलं की रागाच्या भरात किती कामं आपण घाईने करतो. चाचा घाई करू देत नव्हते. पेच काढला की "ठेव, श्वास घे," म्हणायचे. काच कोणत्या बाजूने बसते ते त्यांनी भिंगातून बघून ठरवलं, एका कडेला रबराची चौकट होती तिच्या मापाने. मी दोनदा तिरपी बसवली आणि दोन्ही वेळा त्यांनी परत काढायला लावली. दुसऱ्यांदा मला रडू येणार होतं. उरलेल्या पेचाची जागा मात्र त्यांना लगेच दिसली. रस्त्यावरच्या कडुनिंबाचा फोटो काढला. हिरवा आला.

पुन्हा सगळ्या वावरांचे फोटो काढले. तोवर निम्मी पानं खाली पडली होती, पण जी होती ती लाल होती आणि बांधावरची तूर हिरवी. साहेबांनी फोटो अर्जाला टाचले आणि पोच दिली.

पथक वीस दिवसांनी आलं. वावरात काड्याच होत्या. त्यातल्या एकाने फोटो हातात धरून काड्यांकडे पाहिलं आणि वहीत 'लाल्या' असं लिहून घेतलं. आमच्या गावाचं नाव भरपाईच्या यादीत लागलं. पुढच्या मोसमात मामाजींनी अर्ध्या वावरात सोयाबीन पेरलं आणि अर्ध्यात परत बीटीच लावली. मी काऊन म्हणून विचारलं, तर म्हणाले, "बियाण्याच्या दुकानात दुसरं काय भेटते?"